तीन गाठी जास्तीच्या

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते भुईमुगाच्या शेंगा फोडायचं. दुपार होती. जमना म्हणाली, "किडका दाना तोंडात टाकू नका, थुकाले उठनं पडी." मी हसलो नाही, हसायची सवय आमच्या घरात राहिलीच नव्हती. थोड्या वेळानं ती भिंतीला टेकली. मला वाटलं डोळा लागला. सूप भरलं तेव्हा हाक मारली... बायको गेली होती. संध्याकाळी तापीकाठी नेली. त्याला आता दीड महिना झाला. मी तीन बुकं शिकलेला माणूस, गोड लिहिता येत नाही. छापून आलं तर आमच्या गावात कुणीतरी मोठ्यानं वाचावं.

आमचं गाव प्रकाशा गावाच्या अलीकडं, नदीचा काठ उंच. बाया हंडे घेऊन चढताना घसरायच्या, म्हणून आमच्या तरुणपणी गावानं विहीर खणायला घेतली. घरटी एक माणूस पाळीनं खाली उतरायचा, मी मुकादम. एक हात खोदलं की मी दोरीला एक गाठ मारायची, आणि बाजाराच्या दिवशी मारुतीच्या ओट्यावर ती दोरी पसरून काम कुठवर आलं ते गावाला सांगायचं. सांगायला जमना जायची. माझं बोलणं कुणाला पटत नसे, तिचं पटे. खोटं ती कधी बोलली नव्हती.

शेजारच्या गावाला चाळीस हातांवर पाणी लागलं होतं. आमचे चौतीस झाले आणि घरं कुरकुरायला लागली. पाटील म्हणाले, "मुकादम, तुम्ही विहीर खनी ऱ्हायनात का उंदीरनं बीळ?" लोक हसले. ते मला सोसलं नाही. घरी येऊन मी तीन गाठी जास्तीच्या मारल्या. जमना अंगण सारवत होती, तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता, तिनं ओट्यावर गाठी मोजल्या. "सदतीस. तीनच हात ऱ्हायनात."

माती भुसभुशीत. दर पाच हातांना लाकडाचा आधार द्यायचा रिवाज होता, पस्तिसाव्या हाताचा द्यायचा राहिला होता. पण तीन हातांसाठी लाकूड कोण तोडतो? पाटील म्हणाले, उतरा तसेच. मी तिथंच उभा होतो. तीन नाही, सहा आहेत, एवढंच बोलायचं होतं... तीन हात खोदून झाले, पाणी नाही. अजून एक हात, म्हणून जमनाचा भाऊ गोविंद उतरला, आणि कडा ढासळली.

त्याचं प्रेत काढल्यावर पाटलांनी दोरी हातानं मोजली, गाठींपेक्षा तीन हात कमी भरली. "गाठी खोट्या!" जमनानं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं. ती म्हणाली, "मीच सांग्यात." माझं नाव घेतलं नाही, गावानं खोटं तिचंच धरलं.

तिच्या आईनं तिला उंबरठा बंद केला. आई मेली तेव्हा तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. बाया तिला खोट्या गाठीवाली म्हणत. मी ऐकत होतो आणि भाकरी खात होतो. एकदाच ती ताट वाढताना म्हणाली, "एकदाव सांगी टाकतात ना..." मी म्हणालो, "भाकर वाढ." मला सोडून गेली नाही. जाणार कुठं, माहेर मीच बुजवलं होतं.

तिला जाळलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी खरं सांगायचं ठरवून ओट्यावर गेलो. पाटील आता म्हातारे झालेत, चार माणसांत ऊन खात बसले होते. सरकून त्यांनी मला जागा दिली. म्हणाले, "बाई वाईट नव्हती. जन्मात एकदा खोटं बोलनी, तितलंच."

सगळे माझ्याकडं बघत होते. मी तोंड उघडलं.

"हां," म्हणालो. "तितलंच."