मधली फळी

खाडीकाठी माडाखाली सुलभावहिनींची होडी ओढून ठेवली आहे. नऊ दिवसांपूर्वी ती भरतीबरोबर रिकामीच परत आली. वहिनींचे यजमान आले नाहीत. दुसऱ्याच दिवशी वहिनींनी दामूकाका सुतारांना बोलावून बसायच्या झिजलेल्या फळ्या बदलायला सांगितल्या.

"मधली घट्ट बसवा हं, काका. डुगडुगलेली त्यांना चालत नाही."

काम एका दिवसाचं. तरी मी रोज बघतो, काका आपले रंधाच मारत असतात. मला संताप यायचा. या बाईला कुणीतरी खरं सांगायला नको का? सांगायला मात्र मीही गेलो नाही. वस्तू दुरुस्त होत असते तोवर तिचा मालक कुठेतरी असतो, असं मलाही वाटून घ्यायचं होतं.

आज वहिनी चहा आणायला घरात गेल्या. कालच बसवलेली मधली फळी सपाट, कोरी दिसत होती. जुनीवर बसून बसून पडलेला खळगा हिला नव्हता. काकांनी घराकडे पाहिलं आणि पकडीनं तिचे खिळे उपसायला घेतले.

"काका, अहो!"

"काम संपलं तर उद्या सकाळी ती उठेल कशासाठी?"

मी वाकून फळीचं दुसरं टोक धरलं.