मालुबाईचा सोमवार

मालुबाईला राग आला की तो आधी हातात यायचा. भांडी आपटायची, म्हशीचं दावं एका हिसक्यात सुटायचं, आणि तोंडातून मात्र शब्द निघायचा नाही. त्या श्रावणात तिच्या घरामागच्या परड्यातला आवाज चार घरांपलीकडं ऐकू जात होता.

निपाणीपासून जवळच्याच त्या गावात मालुबाईची ओळख तिच्या सोमवारावर होती. थोरला भरमू तान्हा असताना तापानं फणफणला, डोळे पांढरे केले, तेव्हा तिनं महादेवाला शब्द दिला होता. पोरगं वाचू दे, सोमवारचं दूध तुझं. भरमू वाचला, मोठा झाला, बेळगावजवळ मच्छे गावातल्या कारखान्यात लागला. नवरा गेला, एक म्हैस विकावी लागली, पण सोमवारचा थेंब कधी डेअरीला गेला नाही की घरच्या चहात पडला नाही. दोन्ही वेळची धार देवळात. श्रावणातल्या अभिषेकाला दुधाची पहिली कासंडी तिची, हे गावानं न बोलता मान्य केलेलं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली डेअरीत कॉम्प्युटर आला. दूध मापलं की यंत्र करकरत चिठ्ठी छापायचं, वारासकट तारीख, नाव, लिटर. मालुबाईला अक्षर येत नव्हतं. तिला ती चिठ्ठी एका कामाला बरी वाटली, पुडी बांधायला. एका मंगळवारी तिनं महादेवाचा अंगारा तशाच एका चिठ्ठीत बांधून शेजारच्या तानीबाईला दिला. तानीबाई चार बुकं शिकलेली. अंगारा लावला, कागद उलगडला, आणि त्यावर मालुबाईच्या नावापुढं सोमवार वाचला.

संध्याकाळपर्यंत देवळाच्या पायरीवर बायकांचं कुजबुजणं सुरू झालं. देवाला एक कासंडी आणि डेअरीला दुसरी, असं चाललंय म्हणे. रवळू गुरव भिडस्त माणूस, पण त्यानंही निरोप धाडला की याचा उलगडा होईपर्यंत तुझं दूध आणू नको.

मालुबाई तडक डेअरीत गेली. सेक्रेटरी मारुतीराव पान लावत बसले होते. तिनं घरातल्या सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्या टेबलावर ओतल्या आणि वाचायला लावल्या. मारुतीरावांनी चाळल्या. सोमवार होते, बरेच होते. दर सोमवारची एक.

"ती मंगळवारची. मंगळवारी अंधारात सगळ्यांच्या आधी मीच येते, ते तुम्हाला दिसत न्हाय व्हय?" तिनं विचारलं.

"आक्का, मशीन खोटं बोलत न्हाय," मारुतीराव म्हणाले. मग जरा हसून, "आणि उजाडायच्या आत कसला आलाय मंगळवार? पंचांगात वार उगवतीला बदलतो, तोवर तो सोमवारच की."

हे तिला जास्त झोंबलं. पंचांग ती रोज गुरव वाचतो तेव्हा हात जोडून ऐकायची. त्या एका वाक्यात मारुतीरावांनी यंत्राची चूक देवाच्या गळ्यात घातली, आणि तिला वर्षानुवर्षांची खोटारडी ठरवलं. तिनं देवाला शब्द दिला होता तो निजून उठल्यापासून निजेपर्यंतच्या सोमवाराचा. देवाला तो कळला होता. या माणसाला कळायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती बेळगावच्या एसटीत बसली. डेअरीचा प्रोग्राम लिहिणारा ज्योतिबा तिच्या बहिणीचा मुलगा. त्याच्या कंपनीच्या गार खोलीत ती चपला काढून शिरली आणि पुडीचा कागद त्याच्यापुढं ठेवला. ज्योतिबानं तो पाहिला मात्र, त्याचं तोंड उतरलं.

त्यानं समजावून सांगितलं. यंत्र आत नुसते सेकंद मोजत असतं. त्यांची तारीख करून देणारी कामं आधीच कुणीतरी लिहून ठेवलेली असतात, त्या तयार साठ्याला लायब्ररी म्हणतात. त्यात अशी दोन कामं शेजारी शेजारी. एक विलायतेच्या वेळेची तारीख देतं, दुसरं इथल्या. दुसऱ्याला आपण कुठं आहोत ते आधी सांगावं लागतं. ज्योतिबानं घाईत पहिलं उचललं. विलायत आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, म्हणून पहाटे साडेपाचच्या आत आलेल्या दुधावर कालची तारीख पडत होती.

"म्हंजे माझा सोमवार तू सायबाच्या घड्याळात घातलास," मालुबाई म्हणाली.

"मशीन बसवल्यावर महिन्याभरानं मला दिसलं, मावशी. मी मारुतीअण्णांना सांगितलं होतं. ते म्हणाले, माप बरोबर येतंय न्हवं, मग राहू दे."

"आणि तू ऱ्हाऊ दिलंस."

ज्योतिबानं चहा मागवला, तिनं घोटही घेतला नाही. रविवारी गावात ये, मशीन नीट कर, आणि सोमवारी देवळात उभा ऱ्हा, एवढं सांगून ती उठली.

तो आला. यंत्राला आपण कुठं आहोत ते सांगितलं. सोमवारी आरतीनंतर सगळ्यांसमोर त्यानं आपली चूक सांगितली, आणि मारुतीरावांना ती ठाऊक होती, हेही. मारुतीराव उपरण्याशी चाळा करत म्हणाले, झालं गेलं, आता मशीन सुधारलंय. रवळू गुरवानं कासंडीसाठी हात पुढं केला. मालुबाईनं ती त्याला दिली नाही.

"तानाक्का, तू धर," ती म्हणाली. "तुझ्या हातानं दे महादेवाला."

तानीबाईनं मान खाली घालून कासंडी घेतली आणि गाभाऱ्यापर्यंत नेली. पिंडीवर धार पडली. मालुबाईनं हात जोडले, पण जबडा आवळलेलाच होता.

मंगळवारी अंधारातच तिनं डेअरीच्या रांगेत पहिला नंबर धरला. चिठ्ठी निघाली. ती मारुतीरावांपुढं धरून मालुबाई उभी राहिली. मागं रांग वाढत गेली.

"मला अक्षर येत न्हाय," ती म्हणाली. "वार वाचा."

"मंगळवार."

"मागं ऐकू गेलं न्हाय."

मारुतीरावांनी मोठ्यानं वाचलं. ते डेअरीत होते तोवर दर मंगळवारी त्यांना वाचावं लागलं.