नाडूच्या डब्यातला शंख

दमदमच्या विमानतळावर पहाटे पाचला आमच्याकडे तीन सॅक होत्या आणि अनघाच्या मांडीवर तीन लिटरचा स्टीलचा डबा. डब्यात चिवडा. "बेटावर भूक लागली तर?" हे तिचं उत्तर ठरलेलं. आमची तेरा वर्षांची ईरा दोन खुर्च्या सोडून बसली होती, कारण डबा घेऊन प्रवास करणारे आईवडील आपले नव्हेत असं तिला दाखवायचं होतं.

ही सहल मी गार्डन रीचच्या आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळींना चांगली रंगवून सांगितली आहे. शंखाचा भाग मात्र दरवेळी गाळला. तो आज लिहितो आहे, म्हणून बेटाचं नाव लिहीत नाही. ते लिहिलं तर ज्या बाईबद्दल लिहायचं आहे ती लगेच ओळखू येईल, आणि तिला माझ्यामुळे झाला तेवढा त्रास पुरे आहे.

शंखाची सुरुवात सांगलीची. निघायच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. "देवातला शंख तडकलाय रे. समुद्रावर चाललायस तर एक घेऊन ये. दुकानातला नको, तुझ्या हातचा आण." दुकानातला शंखही समुद्रातूनच येतो, हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

अंदमानात उतरलो आणि तिथून दोन तासांची बोट. अनघाला बोट लागली, मला लागणार नाही असं मी सांगितलं, आणि मग मलाही लागली. पण धक्क्यावर पाय ठेवला आणि पोटातलं सगळं विसरलो. पाणी इतकं नितळ, की खांबांभोवती फिरणारे पट्टेरी मासे वरून मोजता येत होते. पुढे एकच रस्ता, दोन्ही बाजूंना सुपारी आणि केळी, मधूनच वांग्यांचं शेत. हॉर्नचा आवाज नाही. कोलकात्यातून आलेल्या माणसाला कानात दडे बसले आहेत असं वाटावं इतकी शांतता.

ज्यांच्या घरी उतरलो त्यांना सगळं बेट मासीमा (मावशी) म्हणायचं. साठीच्या, काटक, पदर खोचून चालणाऱ्या. त्यांचे आईवडील पूर्व बंगालातून इथे आले, जंगल तोडून शेत केलं. नवरा गेल्यावर मासीमांनी घराला दोन खोल्या जोडल्या आणि पाहुणे ठेवायचा परवाना काढला. त्यासाठी तीन वर्षं खेटे घातले होते. फाटकावर निळ्या रंगाचा नवा कोरा बोर्ड होता आणि त्या रोज सकाळी तो ओल्या फडक्याने पुसत.

त्यांना हिंदी जेमतेम येत होतं. माझं बांगला पाच वर्षांनंतरही बाजारापुरतं: कितीला, जास्त आहे, कमी करा. दुभाष्याचं काम ईराकडे. घरात मराठी बोलताना जी अडखळते, ती इथे नुसती सुटली. मासीमांना ती दीदा (आजी) म्हणू लागली.

पहिल्याच जेवणाला मला माशाचा झोल (पातळ कालवण) आणि अनघासाठी केळफुलाची भाजी होती. वाढता वाढता मासीमांनी ईराकडून एक निरोप दिला. "दीदा म्हणते, किनाऱ्यावरचं काहीही न्यायचं नाही. शिंपला पण नाही. जाताना बॅगा बघतात. पाहुण्याकडे सापडलं आणि घरातून दिलं असेल तर बोर्ड जातो."

मी आईच्या शंखाचं हसत हसत सांगितलं. मासीमाही हसल्या. त्यांनी तुळशीपाशी ठेवलेल्या स्वतःच्या शंखाकडे बोट दाखवलं. तो रोज संध्याकाळी त्या फुंकत. कोलकात्यात हवे तेवढे मिळतात, तिथे घ्या, म्हणाल्या. मी मान डोलावली.

पुढचे दोन दिवस मजेत गेले. कयाकमध्ये अनघा उजवीकडे वल्हवायची आणि मी डावीकडे, त्यामुळे खारफुटीच्या एकाच झाडाला आम्ही चार प्रदक्षिणा घातल्या. स्नॉर्केलिंगला माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं आणि पाण्याखाली ओरडता येत नाही हे मला तिथे कळलं. ईरा मात्र तासभर प्रवाळांवर तरंगत राहिली. संध्याकाळी ओसरीवर चिवडा निघाला. मासीमांना तो इतका आवडला की त्या वाटी घेऊन पुन्हा आल्या. अनघाने उरलेला सगळा चिवडा त्यांना देऊन टाकला, डब्यासकट.

तिसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही खडकांच्या कमानीपर्यंत चालत गेलो. मायलेकी पुढे होत्या. गुडघाभर पाण्याच्या एका डबक्यात मला तो दिसला. मुठीएवढा, पांढरा, तांबूस ठिपक्यांचा. उचलला तेव्हा आत काहीतरी आकसलं. मी ते पाहिलं, आणि पाहिलंच नाही असं ठरवून टाकलं. शंख ओल्या मोज्यात घातला आणि सॅकच्या तळाशी ढकलला. त्या संध्याकाळी मासीमांनी तुळशीपाशी शंख फुंकला तेव्हा मी उगाच मोबाइल बघत बसलो.

निघायच्या सकाळी त्यांनी डबा परत आणून दिला. गच्च भरलेला. काठोकाठ नाडू (ओल्या नारळाचे गुळातले लाडू) रचलेले. ईराने सांगितलं, "दीदा म्हणते, रिकामा डबा परत देत नाहीत."

"अगंबाई, आमच्यातही देत नाहीत!" अनघा हरखून गेली.

मी सॅक भरतो म्हणालो आणि खोलीत गेलो. दहा-बारा नाडू बाहेर काढले, शंख पिशवीत गुंडाळून मध्ये बसवला आणि नाडू पुन्हा वर रचले. जे उरले ते खाऊन टाकले. छान होते.

धक्क्यावर तपासणीचं टेबल होतं. मासीमा आम्हाला पोचवायला आल्या होत्या, कठड्यापलीकडे उभ्या. गार्डने सॅक पाहिल्या, मग डबा उघडला, एक नाडू उचलला, दुसरा उचलला, आणि पिशवीतला शंख काढून टेबलावर ठेवला.

"ये किसने रखा?"

"डब्बा मासीमा ने भरके दिया है," मी म्हणालो.

त्या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. ऑफिसात लोकांकडून लेखी खुलासे मागवायचं काम मी करतो. अशी वाक्यं कशी बांधतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

गार्डला संशय आला असावा. त्याने ईराला बांगलात विचारलं, "शांखटाओ दीदा दियेछेन?" (शंखही आजींनीच दिला?)

ईराने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. मी समुद्राकडे पाहू लागलो. माझ्या शेजारी तिची मान हलली: हो.

मग त्याने मासीमांना आत बोलावलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं. तो त्यांनी स्वतःच्या हाताने भरला होता. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. ईराकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हँ, आमिइ दियेछि," त्या म्हणाल्या. (हो, मीच दिला.)

गार्डने त्यांचं नाव वहीत लिहिलं. चौकशी होईपर्यंत पाहुणे ठेवायचे नाहीत, बोर्ड आज उतरेल, म्हणाला. तेवढ्यात टेबलावरचा शंख हलला. आतून एक मऊ, करडा पाय बाहेर आला आणि लाकूड चाचपू लागला. गार्डने तो उचलून एका खलाशाकडे पायऱ्यांखाली पाण्यात सोडायला दिला. डबा आम्हाला परत मिळाला.

बोट सुटल्यावर अनघा म्हणाली, "तू ठेवला होतास ना?"

"हो."

"मग तिथे का नाही बोललास?"

"बोट सुटत होती."

"थांबली असती," ती म्हणाली, आणि उठून ईराशेजारी जाऊन बसली.

मला लाज वाटली, हे लिहायला सोपं आहे. खरं म्हणजे बोटीत सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज घरी आल्यावर वाटली, फ्रीज उघडताना. डबा समोरच होता आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं.

आईचा फोन आला. "मिळाला का रे शंख?" मी "नाही" म्हणायच्या आत ईराने फोन घेतला. "मिळाला होता, आजी. जिवंत होता."

दुसऱ्या सकाळी मी बेटावरच्या सरकारी कचेरीला पत्र लिहिलं. शंख मी उचलला, मी लपवला, बाईंचा संबंध नाही. खाली नाव, हुद्दा, सही. पोस्टात टाकून आलो आणि जरा मोठेपणानेच ईराला सांगितलं.

"दीदाला कोण सांगणार?"

"तू फोन लाव ना. तुला बांगला येतं."

"मी एकदा तुझ्यासाठी बोलले," ती म्हणाली. "परत नाही."

फोन मीच लावला. वाक्य आधी कागदावर लिहून घेतलं होतं, ते वाचून दाखवलं. "मासीमा, शांख आमि रेखेछि. मिथ्ये आमि बोलेछि." (शंख मी ठेवला. खोटं मी बोललो.)

"जानि," त्या म्हणाल्या. माहीत आहे.

बोर्डाचं विचारलं. उतरवून नेला. आता फाटक मोकळं मोकळं दिसतं, म्हणाल्या, आणि मग विचारलं, ईराने नाडू खाल्ले का?

"ना," मी म्हणालो.

तिला खायला घाल, खराब होतील, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

ईराने नाडू खाल्ले, रोज एक. डबा आता घासूनपुसून ओट्यावर उभा आहे, आणि तो भरून द्यायची पाळी आमची आहे. चिवडा अनघा करेल, पण तो पार्सलने पाठवायचा नाही असं तिघांचंही न बोलता ठरलं आहे. मला त्या धक्क्यावर, त्या टेबलापाशी जाऊन तोंडाने सांगायचं आहे, आणि मग मासीमांच्या दारात उभं राहायचं आहे. रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. तिथे आम्ही सगळे डोळे मिटून 'घरगुती काम' लिहितो. या वेळी मी तो कोरा ठेवून बसलो आहे.