कमरेवरचं घड्याळ

वेल्डा हॅगिन्स सदुसष्ट वर्षांची झाली तरी तिच्या कपाटात कमरेचा एकही पट्टा नव्हता. इलॅस्टिकचे स्कर्ट आणि सैल झगे, यांच्यावरच तिचा जन्म गेला. त्यामुळे रॉयस टॅकेटने तो रुंद, ताणला जाणारा पोटपट्टा तिच्या हातात ठेवला, तेव्हा हा कुठल्या बाळंतिणीला पोचवायचा आहे, असंच तिला वाटलं.

"तुमच्यासाठीच आहे, मिस वेल्डा," रॉयस म्हणाला; त्या भागात लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात. "बेल्टबिल्ट काही लागत नाही. या खिशात पिस्तूल बसतं. वरून कळतसुद्धा नाही."

चर्चच्या राखणीचं काम रॉयसकडे होतं. येत्या रविवारपासून दारात उभं राहणाऱ्या माणसाजवळ हत्यार हवं, असं मंडळींनी ठरवलं होतं. आणि अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यातल्या त्या लहानशा चर्चच्या दारात एकतीस वर्षं वेल्डाच उभी होती. येईल त्याला मिठी मारून आत सोडायचं, एवढंच तिचं काम. पट्टा जमला तर ठीक, नाहीतर दार दुसऱ्या कुणाकडे जाणार. रॉयसने हे गोड बोलून सांगितलं, पण सांगितलं. दाराशिवाय रविवारी आपण नेमकं काय करायचं, हे वेल्डाला सुचेना.

पिस्तुलाशी तिचं वैर नव्हतं. तिचा नवरा थर्मन जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याचं छोटं पिस्तूल ड्रॉवरमध्ये पडून होतं. तिने ते रिकामं केलं, दोनदा तपासलं आणि पट्ट्यात सरकवून पट्टा बांधला. तो गुंडाळी होऊन वर चढला. सैल केला तर पिस्तूल मांडीकडे निघालं; आवळला तर सकाळची मऊ, पावासारखी बिस्किटं आणि त्यांवरची ग्रेव्ही घशाशी आली. नाकापेक्षा मोती जड. तिने रॉयसला फोन लावला.

"चारला लावून बघा," तो म्हणाला. "मी तर कायम चारलाच लावतो."

वेल्डा शहाण्यासारखी चार वाजेपर्यंत थांबली. चारच्या ठोक्याला पट्टा बांधला. साडेचारलाही तो तितकाच टोचत होता. चार वाजता असं काय पुण्य असतं, ते काही तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी बहीण लॉर्ना आली आणि हे ऐकून सोफ्यावर आडवी होऊन हसली.

"अगं बाई, वेळ नव्हे, जागा. कंबर म्हणजे घड्याळ समज. बेंबी बारा, उजवी कूस तीन, पाठीचा मणका सहा. आता सांग, चार कुठे आले?"

"मग सरळ तसं सांगायला त्याला काय धाड भरली होती?"

दोघी आरशापुढे उभ्या राहिल्या. पट्टा सोडायचा, दोन बोटं सरकवायचा, चिकटवायचा. वाकून बघायचं, खुर्चीत बसून बघायचं, मग लॉर्नाने मिठी मारून बघायची. बाराला ठेवावं, तर चर्चमधली पाच वर्षांची ब्रिनली धावत येऊन डोकं आपटते ते तिथेच. तीनला म्हाताऱ्या मिस ओपलीन. त्या वॉकर सोडून वेल्डाच्या उजव्या कुशीलाच धरतात. चार ते सहा सगळी पुरुषमाणसं पाठ थोपटतात. आपल्या अंगाची अशी वाटणी झालीय, हे वेल्डाला आजवर ठाऊकच नव्हतं.

"थांब," लॉर्ना म्हणाली. "तू डावखुरी ना? मग तुझे चार म्हणजे आठ. डावीकडे, जरा मागे."

पट्टा सरकला आणि बसला. टोचेना, चढेना, घसरेना. लॉर्नाने तिला दोन्ही बाजूंनी कवळून बघितलं.

"काही लागत नाही. इथे तुला कुणी हातच लावत नाही."

"हो," वेल्डा म्हणाली आणि पलंगावर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"टोचतंय का?"

"नाही. अजिबात नाही."

"मग रडतेस कशाला?"

"मला काय माहीत."

लॉर्ना गेल्यावर ती पट्टा तसाच ठेवून भांडी घासायला लागली. घासता घासता सवयीने रविवारचं गाणं गुणगुणू लागली आणि मधेच थांबली. गाण्याला उभं राहिलं की थर्मन तिच्या डावीकडे असायचा. गाण्यांचं पुस्तक त्याच्या डाव्या हातात, आणि उजवा हात तिच्या कमरेवर, जरा मागे. तेवढंच वजन, तिथेच. तिने ओले हात पुसले आणि पट्टा सोडला. तो छान बसला होता, हाच तर सगळा घोळ होता. त्याच्या हाताच्या जागी पिस्तूल, हे थर्मनला आवडलं असतं की नाही, याचाही तिने बराच विचार केला. पिस्तूल त्याचंच होतं, हात पण त्याचाच होता.

रविवारी रॉयस तिच्या आधी दारात हजर होता. वेल्डाने त्याच्या हातात कागदी पिशवी दिली. आत पट्टा नीट गुंडाळून ठेवलेला.

"जागा नाही सापडली, मिस वेल्डा?"

"सापडली. अगदी बरोबर सापडली. पण तिथे आधीच कुणीतरी आहे."

रॉयसने पिशवीत बघितलं, मग तिच्याकडे. "कोण आहे?"

वेल्डाने झग्याची डावी बाजू हाताने सारखी केली.

"मग दाराचं काय करायचं?"

"ते तुम्ही मंडळी ठरवा. मलाही नीट कळत नाहीये, रॉयस. आज मात्र मी इथेच उभी आहे."

तेवढ्यात गाडीचं दार उघडून ब्रिनली धावत सुटली. वेल्डाने दोन्ही हात पसरले आणि पोट घट्ट केलं. पोरीचं डोकं बरोबर बाराला येऊन आदळलं.