तिसरी शिट्टी

बहारीनमध्ये, अमवाजला आमच्या गॅलरीखालून पाण्याचा एक पट्टा जातो. पलीकडच्या व्हिलांना स्वतःचे धक्के आहेत आणि त्यांना पांढऱ्या स्पीडबोटी बांधलेल्या असतात. बहुतेक बोटी वर्षातून दोनदा हलतात. शुक्रवारी जुफैरहून जेवायला येणारी माझी मैत्रीण गॅलरीत उभी राहिली की ठरल्यासारखी म्हणते, "तुम्ही तर इंग्लंडमध्ये बोटीवरच राहायचात ना? काय रोमँटिक असेल गं!"

मी तिला संडासाच्या टाकीबद्दल सांगते. सुटकेसएवढी, चाकांची टाकी. भरली की काठाकाठाने ओढत न्यायची, ठरलेल्या जागी रिकामी करायची, धुवायची आणि परत आणायची. नवरा फॅक्टरीत असायचा, त्यामुळे हे काम बहुधा माझ्याकडेच. एवढं ऐकून मैत्रीण विषय बदलते.

आम्ही तिथे तीन वर्षं होतो. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट इंग्लंडच्या मध्यभागातल्या एका गावी होतं. घरभाडं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथल्या कालव्यावर एक जुनी बोट घेतली. सात फूट रुंद, पन्नास फूट लांब. आत एकापुढे एक खोल्या, त्यामुळे स्वयंपाकघरातून झोपायच्या जागी जाताना वाटेत जो असेल त्याने भिंतीला चिकटायचं. शेगडीला दोन बर्नर, कोपऱ्यात कोळशाची चूल. हिवाळ्यात खिडक्यांना आतून पाणी सुटायचं आणि कपड्यांना धुराचा वास यायचा. पोळ्या मात्र चांगल्या व्हायच्या.

शेजारच्या बोटीवर एक म्हातारी एकटी राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. पहिल्याच दिवशी मी तिच्या बोटीला बार्ज म्हटलं, तर तिने हातातला ब्रश खाली ठेवला. "बार्ज रुंद असते. ही नॅरोबोट. तुला कुणी म्हैस म्हटलं तर चालेल का?" त्यानंतर आमचं जमलं.

त्या कालव्यावर एक नियम होता. ज्याच्याकडे कायमची जागा नाही, त्याने दर चौदा दिवसांनी बोट पुढच्या टप्प्यात न्यायची. आमची जागा कायमची होती, म्हातारीची नव्हती. तपासनीस सायकलवर येऊन बोटींचे नंबर टिपून घ्यायचा. म्हातारीचा खुबा दुखावला होता, त्यामुळे तिची बोट दोनदा वेळेत हलली नव्हती आणि दोन पत्रं आली होती. तिसरं आलं की लायसन रद्द व्हायची कारवाई सुरू. लायसन नाही म्हणजे बोटीवर राहता येणार नाही. तिच्या मुलाने शहरात तिच्यासाठी लिफ्टचा फ्लॅट बघून ठेवला होता.

"आजारपणाचं कारण लिहून कळवा की," मी म्हटलं. "सवलत मिळेल."

"आणि एकदा मी आजारी आहे असं त्यांच्या कागदावर आलं की मुलगा तोच कागद घेऊन येईल. नको."

मग मीच बोट हलवायला मदत करायची, असं ठरलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तपासनीस दुपारी येणार होता. त्याआधी तिची बोट खालच्या लॉकमधून पुढच्या टप्प्यात जायला हवी होती.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना, आणि दोन लॉकमधला कालवा म्हणजे एक टप्पा. दोन दारांमधल्या हौदात बोट घ्यायची, पाणी सोडून ती खाली आणायची आणि खालचं दार उघडून बाहेर काढायची. दाराच्या तळाशी पाणी सोडायच्या झडपा असतात, त्यांना पॅडल म्हणतात. एक लोखंडी हँडल लावून दातेरी चाक फिरवलं की पॅडल वर येतं, आणि खिटी अडकवली की वरच राहतं. काम झालं की सगळी पॅडलं खाली करून मगच निघायचं. म्हातारीने हे मला आठवडाभर शिकवलं. ती काठीवर रेलून उभी राहायची आणि मी चाक फिरवायची.

आदल्या संध्याकाळी सुट्टीवर आलेल्या एका कुटुंबाची भाड्याची बोट खाली जाणार होती. उद्याची रंगीत तालीम म्हणून मी त्यांना लॉकमधून उतरवून दिलं. ते हात हलवत गेले. मी दार लावलं, एक पॅडल खाली केलं आणि दुसऱ्याला हँडल लावलं. ते निम्मं खाली आलं असेल, तेवढ्यात आमच्या बोटीतून कुकरची शिट्टी झाली. तिसरी.

लग्नाआधीपासून माझ्या हाताला वळण आहे की तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायचा. चौथी झाली तर घरात बोलणी बसत. मी खिटी अडकवली, हँडल उपसलं, पळत बोटीवर आले आणि गॅस बंद केला. हँडल नेहमीच्या खुंटीवर लावलं. ते खुंटीवर आहे म्हणजे काम झालं आहे, असंच माझ्या डोक्यात बसलं. आम्ही वरणभात खाल्ला आणि झोपलो.

सकाळी नवऱ्याच्या आवाजाने जाग आली. "अगं, ऊठ. चहाचा कप सरकतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ठेवला इथे आणि तो चाललाय तिकडे."

बोट एका अंगाला कलली होती. बाहेर पाहिलं तर कालवा नव्हता. मधोमध ओहोळाएवढं पाणी, बाकी काळा चिखल, त्यात एक सायकल आणि दोन टायर. आमच्या टप्प्यातल्या पाचही बोटी चिखलात बसल्या होत्या. खालच्या लॉकचं वरचं दार जुनं होतं, नीट मिटत नसे. त्याच्या फटींतून आणि माझ्या अर्ध्या उघड्या पॅडलमधून अख्खा टप्पा रिकामा झाला होता.

मी आधी जाऊन पॅडल खाली केलं. काठावर बाकीचे बोटवाले चहाचे मग हातात घेऊन उभे होते. "ते कालचे सुट्टीवाले," एक जण म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी काही बोलले नाही. भित्रेपणा होता, दुसरं काही नाही.

म्हातारी तिच्या तिरक्या बोटीच्या दारात, चौकट धरून उभी होती. तिने चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भात तरी चांगला झाला होता का?"

शिट्ट्या तिलाही ऐकू जायच्या. त्यांवरून ती आमच्या जेवणाची वेळ सांगायची.

"झाला होता," मी म्हटलं.

"मग हँडल घे आणि वर जा. पॅडल कुणी विसरलं हे इथे विचारत नाहीत. ज्याला माहीत असतं तो पाणी आणायला जातो."

वरच्या लॉककडे मी निघाले तेव्हा काठावरचे सगळे पाहत होते आणि कुणी काही म्हटलं नाही. म्हणजे त्यांना कळलं. नवऱ्याने फॅक्टरीत फोन केला. "घरात पाण्याचा प्रॉब्लेम झालाय," असं त्याने सांगितलं, ते खरंच होतं. मग तोही आला.

एकदम पाणी सोडलं असतं तर वरचा टप्पाही रिकामा झाला असता आणि तिथल्या बोटवाल्यांनी आम्हाला फाडून खाल्लं असतं. म्हणून हौद भरायचा, आमच्या टप्प्यात रिकामा करायचा, पुन्हा भरायचा. चौदा वेळा. पाचव्या खेपेनंतर मी मोजणं नवऱ्यावर सोपवलं. माझ्या तळहातांना फोड आले होते, त्याच्याही. साडेबाराला बोटी एकेक करून सरळ झाल्या. म्हातारीची सगळ्यात शेवटी, कारण ती सगळ्यात जड होती. तिने चाळीस वर्षं काही टाकून दिलं नव्हतं.

तपासनीस दोनला येणार होता. म्हातारीने इंजिन सुरू केलं आणि मागे सुकाणूपाशी उभी राहिली. मी हात द्यायला गेले तर म्हणाली, "काठी आत टाक. दिसेल अशी ठेवू नकोस."

बोट लॉकच्या हौदात आली. नवऱ्याने मागचं दार लावलं, मी पॅडलं वर केली. पाणी निम्मं उतरलं होतं तेव्हा सायकल आली. तपासनीस चाळिशीचा, सभ्य माणूस होता. त्याने खाली वाकून नंबर पाहिला.

"निघालात?"

"दिसत नाही का?" म्हातारी म्हणाली.

"खुबा कसा आहे?"

"जागेवर आहे. तुझा?"

तो हसला. "रात्री पाणी गेलं म्हणे इथलं."

मी पॅडलपाशी उभी होते. या वेळी तोंड उघडलं. "माझ्याकडून राहिलं. मीच भरून काढलं."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. फडकं बांधलेलं होतं. मग फोनवर काही टिपलं आणि म्हणाला, "बोट चालू स्थितीत, पुढच्या टप्प्याकडे. ठीक आहे." तो सायकल घेऊन निघाला. मी दोन्ही पॅडलं खाली केली. दोनदा तपासली.

लॉकच्या बाहेर, वळणाआड गेल्यावर म्हातारी बसली. बसली ती उठू शकेना. पाऊण तास ती काठीशिवाय उभी होती. "आता तू चालव," ती म्हणाली. मी सुकाणू पहिल्यांदाच धरत होते. डावीकडे ढकललं की बोट उजवीकडे जाते. एका पुलाला चांगलीच धडकले. आतून कपबश्या पडल्याचा आवाज आला आणि म्हातारीची शिवी. पुढच्या टप्प्यात एक रिकामी जागा होती, तिथे बांधून टाकली.

तिसरं पत्र आलं नाही. त्यानंतर दर चौदा दिवसांनी आमच्यातलं कुणीतरी तिची बोट हलवायचं आणि ती सुकाणूपाशी उभी राहायची, काठी आत. आम्ही बहारीनला आलो तेव्हाही ती बोटीवरच होती. पुढे सव्वा वर्षाने तिच्या मुलाचा ईमेल आला. शेवटपर्यंत बोटीवरच होती, असं त्याने लिहिलं होतं. फ्लॅट त्याने भाड्याने दिला होता.

मागच्या शुक्रवारी मैत्रीण आली तेव्हा मी गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीची माती बदलत होते. आत कुकर होता. उम्म अल हस्समच्या दुकानातून आणलेली नवी रबरी रिंग घातली होती, त्यामुळे शिट्ट्या जोरात होत होत्या. तिसरी झाली. मैत्रीण खुर्चीत चुळबुळली.

"अगं, तीन झाल्या."

"हो."

चौथी झाली. ती उठायला लागली. "गॅस बंद करते मी."

"बस. एवढी माती दाबते, पाणी घालते, खुरपं जागेवर ठेवते. मग उठते."

"भात गिचका होईल."

"होऊ दे," मी म्हटलं.

झाला. नवऱ्याने कढी जास्त घेतली.