अर्ध्या पानाचा लेख

ऑनलाइन वर्गात मी तापले की विद्यार्थी गुपचूप कॅमेरे बंद करतात. त्या दिवशी तर सगळाच पडदा काळा झाला. तापणार नाही तर काय! बाजारात काम करणाऱ्या बायकांवरचा वीस पानी लेख विद्यापीठाच्या ग्रंथालयातून शोधून मी लिंक पाठवली होती, आणि कोणाच्याच उत्तरात पहिल्या पानापलीकडचं काही नव्हतं.

एकीनं मात्र चार पानं लिहिली होती. मालक जेवायला गेला की दुकान बाईच सांभाळते, भावही तीच करते, पण कोणी विचारलं तर मालक सांगतो, "मदत करते थोडी." लेखाचा पत्ताच नाही! मी खाली लिहिलं, "मनानं काहीही लिहू नये," आणि शून्य दिलं.

ती पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होती. लग्नात सुटलेलं एम.ए. पूर्ण करत होती, आणि हा पेपर गेला तर शिक्षण बंद, असं सासरी बजावलेलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"मॅडम, लेख मी तीनदा वाचला. अर्धं पानच तर आहे. पुढचं मग आमच्या दुकानातलं लिहिलं."

"अर्धं काहून? वीस पानं आहेत बाई!"

"मले तर इतकंच दिसून राहिलं."

मी समता कॉलोनीत घरी होते. नवऱ्याचा मोबाइल ओढून लिंक उघडली. वर सारांश, अर्धं पान, आणि खाली कुलपाचं चित्र. मी लिंक उचलायची विद्यापीठात बसून. तिथल्या नेटवर सगळंच उघडतं, बाहेरून नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि तू त्या पोट्ट्यांवर ओरडून राहिली होतीस?" नवरा म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सकाळी ग्रंथपालांकडे गेले. त्यांनी लेखाखालचं एक बटण दाखवलं. तिथली लिंक घेतली की विद्यार्थ्याला स्वतःचा पासवर्ड टाकून घरूनही लेख वाचता येतो. इतकं सोपं! वर्गात मी सरळ माफी मागितली. एकेक कॅमेरा सुरू झाला, तेव्हा कुठे बरं वाटलं.

दोन दिवसांनी पुन्हा तिचा फोन.

"मॅडम, अकरावं पान पाहा ना."

पाहिलं. मालक जेवायला जातो, दुकान बाई सांभाळते, आणि हिशेबात तिचं काम म्हणजे नुसती मदत. कोणा दूरच्या शहरातल्या बाईंनी कित्येक बाजार फिरून लिहिलेलं.

"मी मनानंच लिहिलं होतं ना?" ती हसत होती.

मला हसू येईना. शून्य खोडून मी तिला वर्गात सगळ्यात जास्त गुण दिले. ती पास झाली.

आता त्या लेखासोबत तिची चार पानंही, तिला विचारून, मी नव्या वर्गाला वाचायला देते. पाठवण्याआधी नवऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहते, आणि दर वेळी पुन्हा वाचत बसते.