तपासणी माझी, बोलणं यांचं

आमच्या गावात बाई बिमार पडली का दवाखान्यात बोलते तिचा नवरा. बाई खुर्चीवर खाली मान घालून बसते अन नवरा सांगते, हिले असं होते, हिले तसं होते. मी भी आयुष्यभर तशीच बसली. आता आठवलं का तळपायाची आग मस्तकात जाते.

लघवीतून रक्त पडू लागलं तेव्हा दुखत काहीच नव्हतं. घरी मी साफ सांगितलं, लघवीतून पडते. अन तालुक्याच्या डॉक्टरसमोर हे काय म्हणाले? "बाईच्या अंगावरून जाते." अहो, माझी गर्भपिशवी पोरीच्या लग्नाआधीच काढली होती! मी तोंड उघडलं तं यायनं डोळे वटारले. परक्या माणसासमोर लघवीचं नाव कसं काढायचं म्हणे. डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं भी नाई, गोळ्या लिहून दिल्या. त्या संपल्या का परत त्याच गोळ्या. दिवाळी गेली, होळी गेली. एक दिवस रक्ताच्या गुठळ्या पडल्या, मी न्हाणीतच खाली बसली, तेव्हा कुठी पोरीनं चंद्रपूरले नेलं. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ निघाली.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं ऑपरेशनचं सगळं समजावून सांगितलं. यायले. आत, दार लावून. मी बाहेर बाकड्यावर. हे बाहेर आले अन म्हणाले, "छोटंसं आहे, घाबरू नको." कॅन्सर आहे हे मले जाऊबाईच्या तोंडून कळलं, ती भेटायले आली अन गळ्यात पडून रडली तेव्हा. तिले माहीत, मले नाई!

कमरेत इंजेक्शन दिलं, खालचं अंग बधिर झालं. मले वाटत होतं, पोट फाडतीन. वार्डात आणल्यावर पोटावर हात फिरवला तं पट्टी नाई, टाका नाई. खाली पाहिलं तं नळी लावलेली अन थैलीत लालभडक पाणी. मी समजली, डॉक्टरच्यानं काही झालं नाई, तसंच सोडून दिलं मले. किंचाळली मी. सिस्टर धावत आली. म्हणे, "बाई, गाठ लघवीच्या वाटेनंच दुर्बिणीनं खरवडून काढली. आत गुठळ्या होऊ नये म्हणून पाणी सोडून धुणं चाललं आहे. नळीमुळं सारखी लघवी लागल्यासारखं वाटंल, तेही ठीकच आहे. तुमच्या मिस्टरांना सांगितलंय की सगळं."

मिस्टर बाजूलेच उभे होते. म्हणाले, "तू भ्याली असती, म्हणून नाई सांगितलं."

"अन आता काय मी हसून राह्यली?" म्हटलं.

नळी काढल्यावर जळजळ झाली, ती सोसली. घरी आली, पाणी पीत राह्यली, रंग साफ झाला. अन मंग एका सकाळी परत लाल. जाऊबाईले बोलावून कोणती लुगडी पोरीले द्यायची ते सांगून टाकलं. तेव्हा हे चहा पीत पीत म्हणतात, "हो, डॉक्टर बोलले होते. आतली खपली निघते तेव्हा थोडं रक्त येते म्हणे." हातातला तांब्या मी फेकला. यायच्या अंगावर नाई, पण फार दूर भी नाई.

तपासायले पाठवलेल्या गाठीच्या तुकड्याचं पोरीनं फोन करून विचारलं अन मले सांगितलं. रोग वरच्या थरातच होता, खाली स्नायूत उतरला नव्हता. पण हा परत येते. तीन महिन्यांनी दुर्बिणीनं आत पाहावं लागते. स्नायूत उतरला तं अख्खं मूत्राशय काढावं लागू शकते.

तीन महिने भरले तेव्हा रोवणे सुरू होते. हे म्हणाले, "धान लावून होऊ दे, मंग पाहू." जाऊबाई म्हणे, "ना काप ना टाका, कायचं ऑपरेशन अन कायची तपासणी? धडधाकट तं दिसून राह्यली." मस्तक फिरलं माझं. म्हटलं, काप दिसला असता तं तुमचा विश्वास बसला असता काय? मले सरणावर ठेवून धान लावता का? पिशवी उचलली अन बसस्टँडवर गेली. बस सुटता सुटता हे चढले, चिखलाच्या पायानं.

दुर्बीण घातली. मी कपडे बदलून राह्यली होती तेवढ्यात डॉक्टरनं यायले बोलावून सांगून भी टाकलं. बाहेर येऊन पाहते तं हे व्हरांड्यात बसून हमसून हमसून रडून राह्यले. कोणी पाणी देते, कोणी पाठीवर हात फिरवते. एक बाई मलेच म्हणे, "भाऊले सांभाळा हो."

सांभाळा! मी यायले तसंच सोडून आत गेली अन खुर्ची ओढून बसली.

"मिस्टरांना सांगितलंय ना," डॉक्टर म्हणाले.

"त्यायले सांगितलेलं त्यायच्यापाशीच राह्यते. मूत्राशय माझं आहे. मले सांगा."

डॉक्टरनं दाराकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. बारीकशी गाठ परत आली होती. दिसायले वरवरचीच. त्याच वाटेनं काढायची, मंग मूत्राशयात औषध सोडायचं.

"अन धान लावून, कापून आली असती तं?"

"तर मूत्राशय वाचेल असा शब्द मी दिला नसता," डॉक्टर म्हणाले.

दाराबाहेर यायचं रडणं चालूच होतं. मी म्हटलं, "पुढं सांगा."